अकरा महिन्यांचं वांगं

दिवसभर मी बी मोजते.
जालन्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडात,
दहा दहा ग्रॅमची पाकिटं.
औषध लावलेलं गुलाबी बी.
हातमोजे काढले तरी रंग तळव्यावर राहतो,
म्हणून भाकरीला बसण्याआधी
राखेनं हात, साबणानं हात, परत राखेनं.
पाकिटामागं बारीक अक्षरात छापलेलं असतं:
या पिकाचं बी पुढच्या हंगामाला वापरू नये.

घरचं बी रेहानाबीनं दिलं,
खालच्या खोलीतल्या.
झाडावरच पिवळं पडू दिलेलं काटेरी वांगं,
इतकं जून की विळी सरकेना.
"याची भाजी नको करू गं, हे ठेवायचं वांगं हाय."
तिनं ते पाट्यावर चेचलं, तांब्यात कुस्करलं.
गर वर आला, पोकळ बी वर आलं.
"तळाला बसलं तेवढंच आपलं," म्हणाली,
आणि वरचं सगळं मोरीत ओतलं.

अंड्यांच्या ट्रेत, एका खळग्यात दोन.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी,
तेव्हा झाडाला तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
कधी नुसताच ओला हात झटकून.
नवव्या सकाळी मानेतून वाकलेलं काहीतरी
टरफलाची टोपी घालून उभं.
प्रणोती टोपी काढायला गेली
अन् पान निघून हातात आलं.
तिनं ते चिकटपट्टीनं जोडलं, दप्तरातल्या.
मी काही बोलले नाही.
रोप सुकून गेलं,
चिकटपट्टी मात्र चार दिवस उभी होती.

नवरा सळईच्या कारखान्यात. त्यानं
तापल्या तुकड्यानं रंगाच्या बादल्यांना
पाच पाच भोकं पाडली, प्लास्टिकचा वास
रात्रभर जिन्यात. काळी माती
नणंदेच्या बांधावरून, एसटीत पायाशी ठेवून.
कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय?
माती म्हटलं तर हसला. लगेज मात्र लावलंच.

पहिली फुलं गळाली. जांभळी,
देठासकट, जणू कुणी खुडून ठेवलीत.
रेहानाबी खालूनच ओरडली,
"टिचकी मार फुलाला, दहाच्या आत!"
दहाच्या आत मी शेडात असते.
मग शाळेआधी प्रणोती एकेका फुलाला टिचकी,
मराठीच्या बाई मारतात तशी.

तीन वांगी धरली
त्याच आठवड्यात करार संपला.
अकरा महिने. मालकाचा भाचा येणार होता,
शिवाय बादल्यांनी स्लॅब ओलतो म्हणे.
टेम्पोत कपाट आडवं, गॅस उभा, पलंगाचे पाय वेगळे,
आणि बादली माझ्या मांडीवर.
भोकरदन नाक्याच्या खड्ड्यात
एक काटा पदरातून आत गेला.
मी बादली सोडली नाही. कामून सोडीन?

नवी गच्ची पश्चिमेची.
चार दिवस पानं खाली मान घालून.
शेजारीण म्हणाली, गेलं हे, टाकून द्या.
मोठ्या बादलीत हलवताना बघितलं:
मुळं तळाशी गोल गोल फिरलेली,
भिंत लागली की वळलेली, परत भिंत, परत वळलेली,
पण तुटलेलं एकही नाही.

भोगीला दोन वांगी भाजीत पडली,
तिळाच्या कुटात कुठं दिसलीसुद्धा नाहीत.
तिसऱ्याला मी लाल दोरा बांधलाय.
प्रणोती रोज विचारते, हे काहून नाही तोडत?
ते आता पिवळं पडायला लागलंय, एका बाजूनं.

रेहानाबीही गेली तिथून, परभणीला की परतूरला,
फोन लागत नाही.
बी वाळेल तेव्हा वर्तमानपत्राची पुडी करीन.
शेडात प्रत्येक पाकिटाला वाणाचं नाव लागतं, मग आकडा.
पुडीवर प्रणोतीनं आधीच लिहून ठेवलंय,
वेलांटी चुकवून:
रेहानाबि, खालची खोली.
वजन लिहिलेलं नाही.